मुलीचे मामा, श्री. देवदत्त गुरुजी

सांगलीच्या छापखान्यातून पत्रिकांचा गठ्ठा घेऊन हवालदार आकाराम आष्ट्याला घरी पोचले, तेव्हा ते स्वतःवर बेहद्द खूश होते. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस काम अंगावर ठेवत नाही. लेकीच्या लग्नाच्या पाचशे पत्रिकांपैकी दीडशे त्यांनी सांगलीतच वाटून टाकल्या होत्या. पहिली अर्थातच व्याह्यांना, हळदीच्या पेठेत नानासोंच्या हातात, वर अक्षता ठेवून.

“वाच मोठ्यानं,” त्यांनी एक पत्रिका लेकीपुढं धरली. प्रियदर्शनी वाचू लागली. कुलदैवत झालं, मुहूर्त झाला, आजोबा, चुलते, आत्या, भाऊबंद असं करत ती खाली आली आणि एका ओळीवर अडली.

“मुलीचे मामा, श्री. देवदत्त गुरुजी व सौ. शरयू, कवठे महांकाळ.”

पलीकडं तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या आईचा, बनुबाईचा, हात सुपातच राहिला.

“आबा, हे कुणी सांगितलं घालाय?” लेकीनं विचारलं.

“सांगाय कशाला पायजे? पोरीच्या मामाचं नाव मी इसरीन व्हय?” आकारामांनी मिशीवरून हात फिरवला. “छापखान्यातला मानूस म्हनत हुता, मामाची वळ मोकळी सोडू का? म्या म्हनलं, मोकळी का म्हून? आमचा मामा गुरुजी हाय.”

आता इथं थोडं मागं जायला हवं. बनुबाई आईबापांची एकुलती एक. पाठीवर भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. भाऊबीजेला गल्लीतल्या बायका पाटाभोवती रांगोळ्या काढत, तेव्हा ही अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. आकारामांना याची खंत होती. त्यामुळे चार वर्षांपूर्वी तेजपूरच्या छावणीत घरची पत्रं येऊ लागली आणि त्यांत ‘दत्ताभाऊ’ आणि ‘शरूवहिनी’ यांचा मजकूर दिसू लागला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. चला, बायकोनं कुणीतरी भाऊ मानला म्हणायचा!

आणि भाऊ तरी कसा! शाळेत मास्तर, निर्व्यसनी, बायकोवर जीव टाकणारा. शरूवहिनी माहेराहून यायची असली की गुरुजी तासभर आधी स्टँडवर जाऊन उभे. गुरुजी घरी आल्याशिवाय वहिनी चहाला तोंड लावायची नाही. गुरुजींची कवठे महांकाळला बदली झाली, पाण्याचे हाल झाले, ते सगळं बनुबाई सांगे आणि प्रियदर्शनी जसंच्या तसं लिही. एकदा पत्र आलं, ‘दत्ताभाऊ सायकलीसकट ओढ्यात पडले. शुद्धीवर नाहीत. मी शनिवार धरला आहे.’ आकारामांनी पलटणीतल्या मारुतीला नारळ फोडला आणि रजेचा अर्जसुद्धा टाकला. मेहुणा हा जवळचा नातेवाईक होत नाही, असा शेरा मारून साहेबांनी तो परत केला, याचा राग त्यांच्या मनात निवृत्त झाल्यावरही होता.

प्रियदर्शनीनं पत्रिका हळूच खाली ठेवली. “आबा, देवदत्त गुरुजी रेडिओत हाईत.”

“बदली झाली व्हय? शाळा सोडली?”

“तसं न्हाई. मंगळवारी दुपारी श्रुतिका लागती, त्यातलं हाईत ते. खरं मानूसच न्हाई.”

आकाराम खाटेवर बसले.

“म्हंजी ते वढ्यात पडलं ते?”

“श्रुतिकेत.”

“आन वहिनीनं रगात दिलं ते?”

“ते बी.”

“आगं, मी तेजपूरला नारळ फोडला की गं!”

“मग काय वाया गेला व्हय?” बनुबाई तटकन बोलली. “बरं झालं की ते म्होरल्या मंगळवारी!”

“पन तू मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस!”

“मला काय ठावं? मला वाटलं, तुमच्या पलटणीत बी रेडिओ हाय की! तुमी तर दर पत्रात दत्ताभाऊला रामराम धाडत हुता.”

चूक कुणाची, हे ठरवायला बसलं तर तिथंच संध्याकाळ झाली असती. आकाराम म्हणाले, उरलेल्या पत्रिकांवर त्या ओळीवर काळी पट्टी मारू. शुभकार्याच्या पत्रिकेवर काळं फासायचं? छे! कागदाची चिठ्ठी चिकटवू म्हटलं, तर बनुबाईनं पत्रिका उचलून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. “कुठं हाय गं त्येचं नाव?” तिनं विचारलं. लेकीनं बोट ठेवून दाखवलं. त्या ओळीवरून तिनं दोन वेळा बोट फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग चिठ्ठीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी कोपऱ्यावरचे आप्पासो धापा टाकत आले. गावातला एस.टी.डी. बूथ त्यांचा, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी आधी त्यांच्या कानाला लागे.

“आकाराम, सांगलीवनं फोन हुता. बुधवारी पावनं येत्यात. नानासो आन ईनबाई, दोघं बी. मामाला बोलवून ठेवा म्हनाल्यात. मामाला मानाचा फेटा बांधायचा हाय.”

नानासो हळदीचे नावाजलेले अडते, शब्दाला आणि नात्याला पक्के. पत्रिकेत खोटा मामा छापणारं घर म्हणून सोयरीक मोडली, तर लेकीनं तोंड कुठं दाखवायचं? नानासोंचा पोरगा जयराज हिऱ्यासारखा. प्रियदर्शनीला तो मनापासून आवडला होता आणि ते लपवायला तिला जमत नव्हतं.

“त्यात काय?” आप्पासो म्हणाले. “मी हुतो की मामा. धोतर नेसतो, चष्मा लावतो. एका चहाचा तर सवाल.”

“काय नगं,” बनुबाई आतून कडाडली. “दत्ताभाऊ कवा सुपारी सुदीक खात न्हाई, आन तुमी तंबाखूची पिचकारी मारत येनार. माझ्या भावाच्या नावाला बट्टा लागंल.”

“आवं पन त्यो भाऊ—”

“तोतया नगं म्हनलं ना!”

हवालदारांनाही ते पटलं. वरिष्ठांसमोर खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि मुलीच्या बापाला व्याही वरिष्ठच. त्यांनी ठरवलं, बुधवारी सरळ उभं राहून खरं काय ते सांगायचं. त्या तीन रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

बुधवारी अकराला जीप दारात थांबली. नानासो उतरले, मागून त्यांची बायको लीलाबाई. त्यांच्या हातात केशरी फेटा आणि कागदात गुंडाळलेली जरीची साडी. पाणी झालं, चहा झाला. काय होतंय ते बघायला आप्पासो बूथ बंद करून दारात उभे होते.

“मामा कुठं हाईत?” नानासोंनी चहाची बशी ठेवत विचारलं. त्यांचा सूर काही बरा नव्हता.

आकाराम उठले. टाचा जुळवल्या. “पावनं, माझी चूक झाली. पत्रिकेतला मामा रेडिओतला हाय. खराखुरा न्हाई. आता तुमी द्याल ती शिक्षा.”

आतल्या दारामागं बांगड्या वाजल्या. नानासोंनी तोंड उघडलं, पण आधी लीलाबाईच बोलल्या.

“मला ठाऊक हाय. तोंडपाठ हाय मला ती जोडी. मंगळवारी दुपारी मी घरात कुनाला पाऊल टाकू देत न्हाई. पत्रिकेत दोघांची नावं जोडीनं बघितली आन मला रडूच कोसळलं. म्हनलं, शरूला सौ. म्हणून मान देनारं घर हाय, त्या घरातली बाई बघूनच यायची.”

“आन मला का सांगितलं न्हाईस?” नानासो ओरडले.

“तुमी कवा इचारलंसा?”

नानासो आकारामांकडं वळले. त्यांचा आवाज दुखरा झाला होता. “हवालदार, चार वर्सं ह्या देवदत्तानं माझं जगनं हराम केलंय. ही म्हनती, देवदत्त बायकोला आनाय स्टँडवर जातो, तुमी कवा आलासा? देवदत्त बायकोचं डोकं दुखलं तर सवता भाकरी थापतो, तुमाला पानी तरी तापवाय येतंय का? मला वाटायचं, हिच्या म्हायेरच्या गावचा कोन तरी हाय. आज म्हनलं, गाठ पडतीया तर बघू तरी कसा दिसतोय, आन चार शब्द सुनवू.”

पण तिकडं कुणाचं लक्ष होतं? बनुबाई बाहेर आली होती आणि दोघी विहिणी एका घोंगड्यावर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. गुरुजींचा खोकला गेला का, शरूनं सासूला दिलेलं उत्तर कसं चोख होतं, त्या दोघांना अजून मूलबाळ का नाही, अशी वास्तपुस्त सुरू झाली. आकारामांना वाटलं, सुटलो. त्यांनी दुसरा चहा सांगितला.

“राखीपुनवेला मी पयली राखी त्यालाच बांधती,” लीलाबाई म्हणाल्या. “रेडिओच्या फिरवायच्या खिट्टीला.”

“मी भाऊबीजेला ओवाळती,” बनुबाई म्हणाली. “आता चंद्राला न्हाई ओवाळत.”

नानासोंनी मान वर केली. पेठेत तीन पिढ्यांची नाती डोक्यात ठेवून वावरणारा तो माणूस. “थांबा, थांबा. म्हंजी त्यो हिचा बी भाऊ आन तुमचा बी भाऊ?”

“व्हय.”

“मग तुमी दोघी सख्ख्या भनी झालासा. आन पोरं मावसभावंडं!”

आप्पासोंनी दारातून भर घातली, “मावसभावंडांचं लगीन न्हाई लागत आपल्यात.”

पुरुष हसले. पण बायका हसल्या नाहीत, तसं त्यांचंही हसू विरलं. लीलाबाईंचा चेहरा उतरला होता. बनुबाई पदराचं टोक पिळत होती.

“आवं, पन ते काय खरं हाय का?” आकाराम म्हणाले.

“खरं न्हाई म्हंजी?” दोघींनी एकदमच त्यांच्यावर डोळे वटारले.

“राखीचा दोरा दोरा असतोय,” लीलाबाई हळूच म्हणाल्या. “मनाला लागून ऱ्हाईल माझ्या. अक्षता टाकताना हात न्हाई उचलायचा.”

प्रियदर्शनी दाराची चौकट धरून उभी होती. ओढ्यात पडून वाचलेला हा माणूस आपल्या लेकीचं लग्न मोडतो की काय, या विचारानं आकारामांना घाम फुटला. तेवढ्यात लीलाबाईंनी बनुबाईचा हात हातात घेतला.

“तुमाला सख्खं भाऊ किती?”

बनुबाईनं मान हलवली. “एक बी न्हाई.”

“मला तिघं हाईत. एक कऱ्हाडला, दोघं मिरजंत. तिघं बी दिवाळीला येत्यात, जेवून जात्यात. दत्ताभाऊवानी एक न्हाई, पर हाईत.” त्यांनी बनुबाईचा हात थोपटला. “ठेवा तुमी त्येला. मी सोडला. आजपस्नं मी शरूची थोरली भन.”

“ईनबाई, पर तुमी चार वर्सं—”

“सोडला म्हनलं ना. आता परत इचारू नका, न्हाईतर मागं घीन.”

बनुबाईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि दोघीही रडल्या. आकारामांचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलं नाही. नानासो मात्र बोटांवर मोजत होते. शरूची बहीण लीला, शरूचा नवरा देवदत्त, देवदत्ताची भाची घरात सून. “जुळतंय,” ते म्हणाले. “काय अडचन न्हाई.” मग एकाएकी त्यांचा चेहरा पडला. “म्हंजी त्यो माझा साडू झाला की! आता तर जलमभर ऐकावं लागनार!”

लग्न ठरल्या मुहूर्ताला लागलं. भटजींनी पुकारा केला, “मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावं.” मांडवात कुजबुज झाली. पत्रिका सगळ्यांनी वाचली होती. केशरी फेटा बांधून आकारामच पुढं आले.

“आवं, तुमी तर बाप,” भटजी म्हणाले.

“मामा ड्यूटीवर हाईत. बदली मी हाय.”

लेकीचा हात धरून त्यांनी तिला बोहल्यावर उभी केली आणि कन्यादानाच्या वेळी फेटा काढून पुन्हा बापाच्या जागी येऊन बसले.

जेवणं उरकल्यावर आप्पासोंनी माईकवर आहेर पुकारायला घेतले. “मुलीचे मामा श्री. देवदत्त गुरुजी यांच्याकडनं भनीला इरकली लुगडं!” टाळ्या पडल्या. आकारामांनी मान खाली घातली. हे लुगडं त्यांनी इस्लामपुरातून गुपचूप आणलं होतं. बनुबाईनं ते उराशी धरलं. दहा-बारा आहेर झाले नाहीत तोच आप्पासो अडखळले, “मुलीचे मामा श्री. देवदत्त गुरुजी यांच्याकडनं... आनखी एक लुगडं!” लीलाबाई घाईघाईनं पंगतीतलं मीठ आवरू लागल्या. शेवटी शेवटी आप्पासोंनी तिसरी चिठ्ठी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि घसा साफ करून तेच नाव पुन्हा पुकारलं. तिसऱ्या लुगड्याच्या कागदाला हळदीचा घमघमाट सुटला होता.

तीन लुगडी मांडीवर घेऊन बनुबाई बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा भावाचा आहेर आला होता, तोही तिहेरी. तिनं एकेकाकडं नीट बघितलं. नवऱ्याकडं, विहिणीकडं, आणि मांडवाचा खांब निरखत उभ्या असलेल्या नानासोंकडं.

“तिन्ही हिरवीच,” ती एवढंच म्हणाली. “शरूवहिनीला न इचारता घेतल्यात दत्ताभाऊनं. आता मंगळवारी खरडपट्टी निगंल त्येची.”

नानासो हळूच सरकत आकारामांच्या कानाशी आले. “हवालदार,” ते कुजबुजले, “ते मंगळवारी नेमकं किती वाजता लागतंय हो?”