बिघाड करणारे अण्णा

प्रयोगाच्या दिवशी सर्वांआधी येऊन एखादे धडधाकट उपकरण बिघडवून ठेवणे, हा आमच्या अण्णांचा नित्यनेम होता.

अण्णा शिंदे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, माझे सहकारी. घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजातले विद्यार्थी आधी वरच्या वर्गाकडून उत्तर मिळवीत, मग त्याला जुळणारी मापे लिहीत. अण्णांना ते खपत नसे. म्हणून कुठे स्क्रू ढिला, कुठे काटा वाकडा, कुठे भिंगांची अदलाबदल. ठरलेले उत्तर आणणाऱ्याला ते विचारीत, "उत्तर सरी, बरोबर. पाहिलं कुणी?" बिघाड शोधणाऱ्याला मात्र कँटीनमध्ये मसाला डोसा मिळे, आणि वर एक वाक्य: "दोष कळला की वजा करता येतो."

पालकांनी तक्रार केली. प्राचार्यांनी बजावले, यंदा प्रात्यक्षिक परीक्षेचा निकाल घसरला तर प्रयोगशाळा दुसऱ्याकडे जाईल. शिवाय खबरदारी म्हणून परीक्षेची उपकरणे त्यांनी स्वतः मांडली आणि किल्ली खिशात ठेवली. अण्णा एवढेच म्हणाले, "सरी."

परीक्षक बाहेरगावचे होते. अनसूया नावाच्या मुलीने भिंगाचे नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर काढले. भिंगाच्या डबीवर वीस लिहिलेले होते. परीक्षकांनी लाल रेघ मारली. अण्णा दाराशी उभे होते.

"सर, भिंग बरोबर आहे. डबी चुकली," अनसूया म्हणाली. तिने खिडकीबाहेरच्या गुलमोहराची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर उमटवली आणि पट्टी परीक्षकांच्याच हाती दिली. त्यांनी मोजले. पंधराच.

परीक्षक अण्णांकडे वळले. "हा उद्योग तुमचा?"

"आज नाही. आज प्राचार्यांनी मांडलं."

प्राचार्य छताचा पंखा न्याहाळू लागले. परीक्षकांनी स्वतःची रेघ खोडली. त्या वर्षीचा निकाल कॉलेजात सर्वोत्तम ठरला. प्रयोगशाळा अण्णांकडेच राहिली. त्या दिवशी सगळ्या वर्गाला डोसा मिळाला.

निकालाच्या संध्याकाळी ते मला कॉफीसाठी राजाजीनगरच्या घरी घेऊन गेले. वहिनी गेल्यापासून तिथे ते एकटेच असत. भिंतीवरचे घड्याळ बरेच पुढे होते. मी काटे सरकवायला उठलो.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "मला कॉलेजला उशीर व्हायचा, म्हणून हिनं पुढं केलंय."

माझ्यापुढे कॉफी ठेवत ते म्हणाले, "मी वजा करतो."