जागाच हालली असंल

आमच्या सुमनताई विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतात. पदराला गाठ बऱ्याच बायका मारतात, त्यात नवल नाही. पण ताई पडल्या विणकराच्या घरच्या. त्या पदराचं टोक चिमटीत धरतात, मागाखाली पडलेला एखादा धागा उचलतात, टोकाभोवती गुंडाळतात आणि त्याला विणकराची गाठ घालतात. मागावर तुटलेला धागा सांधायला आम्ही मारतो ती गाठ. तिचा एकमेव गुण म्हणजे ती सुटत नाही. सुई घाला, दात लावा, देवाचं नाव घ्या, शेवटी कात्रीच आणावी लागते. त्यामुळे पवनीत आमचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान आणि दुकानाच्या मालकिणीच्या पदराला उंदराने कुरतडल्यासारखे कोपरे, असा सगळा प्रकार आहे.

एवढं करून गाठ कशाची होती हे आठवलं असतं, तर माझी काही तक्रार नव्हती. पण संध्याकाळी त्या पदर पसरून माझ्यासमोर बसतात आणि एका गाठीवर बोट ठेवून विचारतात, "शोभा, हे कायची व?"

"ताई, गाठ तुमी मारली. मले का मालूम?"

"तू तिथंच तं उभी होती!"

म्हणजे त्यांनी गाठ मारताना मी आसपास असणं हाही माझाच गुन्हा. हल्ली त्या धागा शोधायला लागल्या की मी दुसऱ्या खोलीत निघून जाते. त्यावर त्यांनी उपाय काढला. एकदा त्यांनी माझ्याच पदराला गाठ मारून ठेवली, आणि मी तसंच दिवसभर दुकानात बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवल्या.

सुमनताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मोठे भाऊजी घरच्या मागावर विणतात, आमचे हे साड्या घेऊन नागपूरला व्यापाऱ्यांकडे हिंडतात, मी दुकानात बसते आणि उरलेलं सगळं जग ताई सांभाळतात. स्वयंपाक त्यांचा, पाहुणे त्यांचे, मागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं कामही त्यांचंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ताईंच्या डोक्याचा मला धाकच वाटायचा. कोणाच्या लग्नात कोणी कोणत्या काठाचं लुगडं नेसलं होतं आणि कोण जेवण न करता रुसून गेलं होतं, हे त्या चरखा फिरवता फिरवता सांगत. गल्लीतली भांडणं त्यांच्यासमोर यायची, कारण आधी कोण काय बोललं हे त्यांनाच आठवायचं.

पन्नाशी जवळ आली, पाळी मागेपुढे व्हायला लागली, मग महिनेच्या महिने गायब झाली, आणि तिच्यासोबत ताईंचं ते डोकंही कुठेतरी गावाला गेलं. अधूनमधून येतं. दोन दिवस राहतं, पुन्हा जातं.

पण चूक कबूल करतील तर त्या सुमनताई कसल्या! दुकानाची किल्ली हरवली. सगळं घर पालथं घातलं. गिऱ्हाईक बंद दाराशी उभं राहून कंटाळून गेलं. शेवटी मी नाश्त्याला पोहे काढायला डबा उघडला तर किल्ली पोह्यांत. मी ती ताईंच्या डोळ्यांसमोर नाचवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी ठेवली तिथंच होती. जागाच हालली असंल."

जागाच हालली असंल! हे त्यांचं ब्रह्मवाक्य. चष्मा बाथरूममधल्या बादलीत सापडला, जागाच हालली. वांग्यांची पिशवी साड्यांच्या कपाटात निघाली, जागा हालली. आमचं घर एका ठिकाणी उभं आहे की वैनगंगेत होडीसारखं तरंगतंय, अशी मला शंका यायला लागली.

त्यातच शब्दही हरवायला लागले. झारा, परात, खलबत्ता, सगळ्याचं एकच नाव झालं, थे. "शोभा, थे आन ना थ्याच्यावरचं थे!" आता यातून मी काय उचलायचं? मी अंदाजाने ताट नेलं की त्या कपाळाला हात लावतात. "ताट कायले? थे म्हणून राहिली ना मी! एवढं साधं समजत नाही का तुले?" शिकलेली बाई असून मला 'थे' समजत नाही, हे त्यांनी समोरच्या काकूंनाही सांगितलं. काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

आणि ती उष्णता! भंडारा जिल्ह्यातला उन्हाळा सगळ्यांनाच भाजून काढतो, त्याबद्दल कोणी एकट्याने बोलायचं कारण नाही. पण ताईंना पौषात घाम फुटतो. आम्ही स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून जेवायला बसलेलो आणि त्या उठून पंखा लावतात. "भट्टी लावली का घरात?" भाऊजी ताट घेऊन मागाच्या खोलीत जातात. पाच मिनिटांनी ताईंनाच हुडहुडी भरते आणि त्या मला विचारतात, "पंखा कोनं लावला व?"

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची धाग्याची छोटी गुंडाळी. ताई दिवसभर चरखा फिरवून त्या भरतात आणि भाऊजी विणतात. एकदा मधाच्या रंगाच्या कोशाची साडी मागावर होती. ताईंनी निम्म्या कांड्या मधाळ धाग्याच्या भरल्या आणि निम्म्या धुऊन पांढुरक्या केलेल्या धाग्याच्या. भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, खोलीतला दिवा लुकलुकणारा, आणि विणलेलं कापड पुढे गुंडाळत जातं, त्यामुळे मागचा रंग समोर राहत नाही. साडी उतरवली तेव्हा कुठे एक रंग, कुठे दुसरा, पट्टे कसेही. भाऊजी डोकं धरून खाली बसले. ताईंनी साडीकडे मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगली तं दिसते! ठेव व शोभा, समोरच ठेव."

मी रागारागाने ती दुकानात समोरच टांगली. आणि नागपूरच्या एका बाईंनी आत पाऊल टाकताच तिच्यावर बोट ठेवलं. असं काम त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं म्हणे. एवढंच नाही, जाताना त्या आपल्या बहिणीसाठी अशीच दुसरी सांगून गेल्या, रंग जसा जिथे बदलला आहे अगदी तसा. ताई आठवडाभर गल्लीत मान वर करून फिरल्या. मग दुसरी साडी मागावर चढली आणि भाऊजींनी विचारलं, पहिल्या वेळी कोणत्या कांड्या कशा दिल्या होत्या. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "शोभा, तू तिथंच तं होती!"

मी हात जोडले.

असं हसतखेळत नाही, तर चिडतखेळत आमचं चाललं होतं. पण डॉक्टरचं नाव काढलं की ताई उठून जात. याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं एवढंच. त्यांचं माहेर आसगावचं. त्यांची आई शेवटच्या वर्षांत सगळं विसरली. आधी मीठ विसरली, मग रस्ता, मग माणसं. ताई तिला आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या, आणि आई हात जोडून म्हणायची, "बाई, लय चांगल्या हात तुमी. कोनाच्या घरच्या जी?" ताई उत्तर द्यायच्या, "तुमच्याच घरची." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

मग गॅसचा प्रकार घडला. ताई अंबाडीची भाजी गॅसवर ठेवून अंगणात गेल्या आणि तिथेच तुळशीजवळ काहीतरी करत बसल्या. मी दुकानातून आले तेव्हा स्वयंपाकघरात धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि शेजारी टांगलेल्या फडक्याने नुकताच पेट घेतलेला. मी पाणी ओतलं, गॅस बंद केला. भाऊजी धावत आले. ते मुळात गरीब माणूस, पण त्या दिवशी घाबरले आणि घाबरलेला माणूस काहीही बोलतो. म्हणाले, "तू तं पक्की मायवर चालली. उद्यापासून शोभा पाहील गॅसचं. तू हात नको लावू."

मला वाटलं, आता ताई म्हणणार, जागाच हालली असंल. मी वाटच पाहत होते. पण त्यांनी काळं पातेलं उचललं आणि अंगणात नेऊन राखेने घासत बसल्या.

त्यानंतर घर एकदम शांत झालं. ताई चरखा फिरवायच्या आणि गप्प राहायच्या. गाठी बंद झाल्या. माझ्यावर आळ घेणं बंद झालं. मी मुद्दाम डाळीत मीठ जास्त टाकलं, तरी त्यांनी मुकाट्याने खाल्लं. खरं सांगते, इतकी वर्षं मी या बाईच्या कटकटीला कंटाळले होते, आणि आता तिची कटकट ऐकायला माझा जीव कासावीस झाला. आईसारखं होण्याआधीच त्यांनी स्वतःला घरातून वजा करायला घेतलं होतं.

शेवटी मी गुडघा धरला. "ताई, पाय लय दुखून राहिला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनीकडं जाचं हाय. एकटीनं जमत नाही." ताई लगेच पदर खोचून उभ्या राहिल्या. बसमध्ये त्यांनी माझा गुडघा चोळला, मला पाणी पाजलं, दवाखान्याच्या पायऱ्या हात धरून चढवल्या. आत गेल्यावर काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं आणि मी सांगितलं, सुमन. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा खरोखरच गुडघा दुखला.

"कायले खोटं बोलली?"

"नाही तं आल्या असत्या का तुमी?"

त्या परत फिरल्या असत्या, पण तेवढ्यात मुलीने त्यांनाच विचारलं, "काकू, सोबत कोण आहे? नाव सांगा त्यांचं."

ताईंनी माझ्याकडे हात केला. "हे... हे हाय ना. माही..." आणि त्या थांबल्या.

त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग ओसरला. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, ओठ हलत होते, पण नाव येईना. दिवसातून शंभरदा ज्या नावाने हाका मारून मला वात आणला, ते नाव. मुलगी पेन धरून थांबली होती. मागे रांग होती. ताईंचे डोळे भरून आले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "नाव नाही आठवून राहिलं, बाई. पन हे सोबत राहिली का मी बराबर घरी पोचते."

माझं नाव मग मीच सांगितलं.

डॉक्टरीणबाई बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी पाळीचं विचारलं, झोपेचं, घामाचं, आणि ताईंना बोलतं ठेवलं. मग म्हणाल्या, पाळी जायच्या काळात अंगातली हार्मोन्स कमीजास्त होतात, झोप मोडते, डोक्यात धुकं साचल्यासारखं होतं, शब्द अडतात. पुष्कळ बायकांना होतं, त्या घाबरून सांगत नाहीत. बहुतेकांचं हळूहळू निवळतं. थायरॉइड आणि रक्त तपासू, झोपेचं पाहू, पुन्हा या.

ताईंनी सगळं ऐकून एकच विचारलं. "माह्या मायले झालं होतं, थे तं नाही ना हे?"

"तुमच्याशी बोलून मला तसं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमची भीती मी लिहून घेतलीय. आपण लक्ष ठेवू."

बाहेर आलो. बसस्टँडवर ही गर्दी. मी नेहमीप्रमाणे जागा धरायला पुढे धावले, खिडकीतून रुमाल टाकला आणि पाटी न वाचताच पायरीवर पाय ठेवला.

"शोभाऽऽ! उतर! थे बपेऱ्याची बस होय! शोभाऽऽ!"

सगळा स्टँड वळून पाहायला लागला. मी पायरीवरच थांबले. ताईही हात वर केलेल्या तशाच उभ्या राहिल्या. मग दोघींनाही कळलं, आत्ता काय झालं ते. रुमाल गेला बपेऱ्याला.

पवनीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. बस हलली आणि ताई म्हणाल्या, "शोभा."

"ओ."

"काही नाही."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "शोभा."

"ओ ताई. काय?"

"काही नाही व. पाहून राहिली."

त्या तपासून पाहत होत्या, नाव जागेवर आहे का. कंडक्टर तिकिटं फाडून गेला, धानाची शेतं मागे पडली, आणि ताई थोड्या थोड्या वेळाने मला हाक मारत होत्या. समोरच्या सीटवरचा माणूस वैतागून दोनदा मागे वळला. मी दर वेळी ओ दिली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

मग हाका थांबल्या. मला वाटलं, झोपल्या. तर खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "शोभा, एखांद्या दिवशी मी हाक नाही मारली, तरी तू ओ देजो."

"हाक नाही मारली तं ओ कायले देऊ? येडी लागली का मी?" मी खेकसले. पण त्यांचा हात हातात घेतला आणि पवनी येईपर्यंत सोडला नाही.