'मिस' क्रियापदाची मोहीम आणि दोघी बहिणींचा सलूख

श्री शब्दकोश समर्थ. जे घडले ते पदरचा कानामात्रा न घालता लिहिले असे.

अखंडितकात्रीअलंकृत राजमान्य थोरल्या बाईसाहेब शिवणवाल्या आणि दवाखान्याच्या स्वागतकक्षी बसणाऱ्या धाकट्या बाईसाहेब, ह्या सख्ख्या बहिणी असोन, दोन वर्षे अबोला. कारण ब्लाउजची बाही. थोरलीने शिविली ती बोटभर आखूड जाहली, आणि धाकटी भर गिऱ्हाइकांत बोलोन गेली की, ताईचा हात आता पहिला राहिला नाही. तेव्हापासोन एका गावात दोन दौलती जाहल्या.

ऐशात बुधवारी दोन प्रहरी धाकटीचा खलिता थोरलीच्या फोनात दाखल जाहला. मजकूर फिरंगी, शब्द चार : 'आय मिस्ड यू यस्टरडे.' बाईसाहेबांस उमज पडेना. मग मशीन थांबवोन मसलतीस निवृत्त पोस्टमास्तर यजमान आणि कॉलेजात शिकणारी कन्या यांस पाचारण जाहले. यजमानांनी माळ्यावरील शब्दकोश उतरविला आणि धूळ झाडली आणि दोन शिंका देऊन पहिला अर्थ वाचिला : नेम चुकणे. बाईसाहेब लाल जाहल्या. हुकूम सुटला की, काल तिने आम्हांवर नेम धरिला होता, सबब कडीकोयंडे तपासावे. मग दुसरा अर्थ निघाला : गाडी चुकणे.

"मी काय गाडी आहे?" ऐसे गर्जोन कात्री आपटली. यजमान संसारात मुरलेले, त्यांनी मुकाट पुढील पान उलटिले.

मग कन्या हळूच बोलली, "अगं आई, 'तुझी आठवण आली' असाही अर्थ होतो."

बाईसाहेबांनी डोळे पुसले आणि धाग्याचा तुकडा गेला ऐसे जाहीर केले.

परंतु खात्री होईना. भलता अर्थ धरावा तर अब्रू जाते, न धरावा तर बहीण. मग खाशांनी जातीनिशी कूच केले, आणि तीन गल्ल्या, एक चढ व दोन जिने ऐसा बिकट मुलूख ओलांडोन, धापा टाकीत धाकटीच्या दारी मोर्चा लाविला. दार उघडताच फोन पुढे केला.

"याचा नेमका अर्थ काय?"

धाकटी वरमली. "काल तुझ्याकडे आले होते गं. दाराला कुलूप. चुकामूक झाली, एवढंच लिहिलं."

थोरलीचे अवसान गळाले. "एवढंच होय," म्हणोन माघारी वळल्या आणि चार पायऱ्या उतरल्या, तो मागोन आवाज आला.

"ताई, दोन वर्षांनी कुणी उगाच कुणाच्या दारी जातं का?"

"मग सरळ मराठीत लिहायचं की!"

"मराठीत लिहिलं असतं तर मीच नमतं घेतल्यासारखं झालं असतं."

हे ऐकोन थोरली दोन पायऱ्या चढली आणि उरल्या दोन धाकटी उतरली. मग उभयतांचे बोलणे ऐसे चालले की यजमानांचे पाच फोन वाया गेले. तिन्हीसांजेस हुकूम निघाला की, आज जेवण तुमचे तुम्ही करोन घ्यावे, आमचा मुक्काम येथेच.

येणेप्रमाणे क्रियापद सर्व अर्थांसह फत्ते जाहले. उभयपक्षी कोणी हरले नाही; यजमानांची भाजी मात्र करपली. बहुत काय लिहिणे.