गजाकाकांच्या लाँचच्या काचा

बिरवाडीत गजाकाकांच्या घरावरून जाणाऱ्याला आधी बोटीत बसावं लागे. बोट अंगणातच होती. माणूस दिसला की काका त्याला हाताला धरून आत नेत, खिडकीशी बसवत आणि विचारत, "डाग दिसतो काय? खरा सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नको."

मी पलीकडच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला होतो. या चौकशीपायी माझी फर्स्ट शिफ्टची बस कितीदा तरी चुकली.

काका पूर्वी खाडीतल्या प्रवासी लाँचवर तिकिटं फाडत. पूल झाले, रस्ते झाले आणि नव्वदच्या सुमाराला लाँच बंद पडली. मालकाने ती भंगारात काढली, तेव्हा काकांनी इंजिन सोडून बाकी सगळी विकत घेतली आणि ट्रकवर घालून घरी आणली. चिऱ्यांवर ती अशी टेकवली, की तोंड तुळशीकडे आणि मागची बाजू न्हाणीकडे.

काचांवर पांढरे डाग होते, थेंब वाळून बसतात तसे. काकांनी लिंबू चोळलं, चिंच चोळली. मग राख, ताक, दंतमंजन. "लोणच्याची सगळी लिंबं बोटीनं खाल्ली," सुमतीकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

काका रोज सकाळी बोअरिंगच्या पाण्याने बोट धूत आणि उन्हात वाळू देत. एकदा मी म्हटलं, "काका, या पाण्यात क्षार आहेत. तुम्ही धुता, म्हणूनच डाग पडतात."

बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःच दारात आले. "केमिस्ट, मग धुवू तरी कशानं?"

मी सांगितलं : व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं काचेला थोडा वेळ चिकटवून ठेवा, चोळा, पागोळ्यांचं साठवलेलं पाणी मारा आणि वाळायच्या आत सुती कापडाने पुसून घ्या. काकांनी त्यासाठी आपलं चांगलं धोतर फाडलं. अंगणाला चायनीजच्या गाडीचा वास सुटला.

"एवढा आटापिटा कशाला, काका?"

त्यांनी आवाज खाली आणला. "हिला बोट लागते. एसटीपण लागते. माझ्या लाँचवर कधी बसली नाय. म्हणून ही घरी आणली, तर म्हणते, डागांतून बघितलं की गरगरतं."

काचा लख्ख झाल्या त्या दिवशी काकू ठेवणीतलं पातळ नेसून स्टुलावरून बोटीत चढल्या. काकांनी लाँचवरचा जुना खाकी शर्ट घातला होता. आळी गोळा झाली.

"कसा वाटतो गो?"

काकूंनी तुळस बघितली, पपई बघितली. मग दोन्ही हातांनी गज धरला. चेहरा पांढराफटक.

"अहो, थांबवा! थांबवा हो बोट!"

काकांनी सवयीने बाहेर डोकं काढलं आणि मागे ओरडले, "थांबव रे!"

मागे न्हाणीत पाहुणे आंघोळ करत होते. त्यांनी पाणी घ्यायचं थांबवलं.

काकूंना पपईच्या बुंध्याशी उलटी झाली. आळी पोट धरून हसली. काका हसले नाहीत. त्या दिवशी ते जेवायलाही उतरले नाहीत.

पुढच्या रविवारी मी गेलो, तर काका आत खिडकीशी बसलेले, काकू बाहेर पायरीवर लसूण सोलत होत्या. काच अर्धी उघडी होती.

"एक सांगू केमिस्ट?" काका म्हणाले. "लाँच सुटायची, तेव्हा धक्क्यावर सगळ्यांना पोचवायला कोण ना कोण असायचा. मला कोण नाय. धक्का लांब, आणि हिला एसटी लागते. मी आपला तिकिटं मोजल्यासारखं करायचो."

काकूंनी मांडीवरची सालं झटकली, पदराला हात पुसले आणि उठून उभ्या राहिल्या.

"सोडा मग."

"काय?"

"बोट सोडा. मी हाय धक्क्यावर."

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि धंद्यातला तो लांबलचक आवाज काढला, "सुटलीऽऽ!"

बोट अर्थातच जागची हलली नाही. काकू मात्र, लांब जाणारी लाँच ठिपका होऊन दिसेनाशी होईपर्यंत हलवावा, तसा हात हलवत राहिल्या.