टायग गाढवाचा खरा शेवट

माणसांना झोपवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या आयर्लंडमध्ये कोणी नाही! फुशारकी मारत नाही, माझा व्यवसायच तो आहे. मी भूलतज्ज्ञ. पोर्टलीशच्या हॉस्पिटलात मला सहा वर्षं झाली. शंभर शंभर किलोचे शेतकरी माझ्यासमोर दहापासून उलटे आकडे मोजायला लागतात आणि सातच्या पुढे काही त्यांची मजल जात नाही!

फक्त एक केस माझ्या हाताबाहेरची होती. माझी मुलगी स्वरांगी. वय वर्षं सात. इथल्या जूनमध्ये रात्री नऊलासुद्धा बाहेर लख्ख ऊन असतं. ते दाखवून ती म्हणायची, "डॅडी, इट्स स्टिल डे!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते थेट आयरिश इंग्रजीत.

तर पहिल्या लॉकडाउनमध्ये मी तिच्यासाठी एक पुस्तक मागवलं. पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावरचं दीपगृह, आणि रोज त्याच्या दिव्याचं तेल वाहणारं एक गाढव. गाढवाचं नाव आयरिश स्पेलिंगमध्ये असं काही लिहिलेलं, की मी दोन दिवस 'तधग, तधग' करत होतो. स्वरांगी पोट धरून हसली. "इट्स टायग, डॅडी!"

पुस्तक उत्तम होतं. मी रोज थोडं थोडं वाचून मराठीत सांगायचो. पण एके दुपारी मी शेवट आधीच वाचून ठेवला, आणि किचनमध्ये उभ्या उभ्या ढसाढसा रडलो! वादळात दीपगृहाचं तेल संपतं, रखवालदार तापानं फणफणलेला, आणि म्हातारा टायग एकटाच पाण्यातून तेलाचे डबे घेऊन जातो. दिवा लागतो, समुद्रातल्या चाळीसच्या चाळीस होड्या घरी येतात. आणि टायग दीपगृहाच्या पायरीवर मान टाकतो.

आता सांगा, हे कसं सांगायचं? शेजारची कोंबडी कोल्ह्यानं नेली तेव्हा ही मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. कोंबडीशी तर साधी ओळखसुद्धा नव्हती!

मी शेवट बदलला. माझ्या गोष्टीत टायग लाटेबरोबर वाहत वाहत शॅनन नदीत शिरला, पोहत पोहत पार देशाच्या मधोमध ॲथलोनला पोचला, आणि तिथे त्यानं चिप्सचं दुकान टाकलं. शॅनन उलटी कशी वाहिली, हे मला विचारू नका. स्वरांगी खूश! दुसऱ्या दिवशी, "देन व्हॉट?" मग काय, दुकान वाढलं. टायगनं कामाला दोन मेंढ्या ठेवल्या. एका मेंढीनं संप केला. वर्षभर मी ते दुकान चालवत होतो!

आणि जून २०२१ मध्ये थिएटरं उघडली. पहिल्याच आठवड्यात लागला तो त्याच पुस्तकावरचा ॲनिमेशनपट!

मी म्हटलं, "तिकिटं संपली असणार." माझी बायको मेधा लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिच्यापुढे 'असणार' चालत नाही. तिनं फोन काढला आणि अर्ध्या मिनिटात शनिवार दुपारची तीन तिकिटं काढली. "माझी शिफ्ट आहे. तू, स्वरांगी आणि आई जा. दोन सीट्स शेजारी आहेत, एक मागच्या रांगेत."

आई म्हणजे माझी आई, वसुधाबाई. मुक्काम इस्लामपूर. तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये आली आणि विमानं बंद झाली. सोळा महिने झाले, बाई पोर्टलीशमध्ये मेथी लावून बसली होती. इंग्रजी शून्य, पण टीव्हीवरच्या प्रत्येक मालिकेला तिचं मोठ्यानं समालोचन चालायचं.

माझी योजना तयार होती. सिनेमा अठ्ठ्याण्णव मिनिटांचा. पुस्तकाच्या हिशेबानं वादळ साधारण ऐंशीव्या मिनिटाला. पंच्याहत्तराव्या मिनिटाला मी स्वरांगीला 'शूला जाऊन येऊ' म्हणून बाहेर काढणार, पॉपकॉर्न घेऊन देणार आणि नावं पडायला लागली की परत आणणार. ऑपरेशनमध्ये मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला यात काय अवघड?

शनिवारी पोचलो. हॉलमध्ये फक्त पन्नास माणसांना परवानगी. मध्ये मध्ये सीट्सवर पट्ट्या चिकटवलेल्या, सगळ्या मोठ्यांच्या तोंडाला मास्क. आई आणि पिवळ्या रेनकोटातली स्वरांगी पुढे, मी बरोबर त्यांच्या मागे. दिवे गेले आणि पडदा उजळला तसा हॉलभर एकदम 'हाऽऽ' असा श्वास उमटला. सव्वा वर्ष मोबाइलच्या चौकोनात डोळे खुपसून बसलेली माणसं ती! समोर एवढा मोठा समुद्र पसरलेला बघून मीसुद्धा क्षणभर टायगला विसरलो.

आईचं लक्ष मात्र गाढवावरच होतं. "चंद्रहास, गाढव कुणाचं रं हे?"

पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. मी वाकून कुजबुजलो, "दीपगृहवाल्याचं."

"आणि ती म्हातारी कोण?"

"त्याची बहीण. ती म्हणतेय, गाढव आता थकलं, विकून टाक."

"विकू नगंस म्हणावं!"

बाजूचा टोपीवाला म्हातारा म्हणाला, "शी'ज डेड राइट!" अगदी बरोबर बोलतेय म्हणे! त्याला काय कळलं होतं देव जाणे.

दहा मिनिटं मी भाषांतर करत राहिलो. शेवटी आईनंच झापलं, "तू गप रं जरा. मला समजतंय समदं. मधी मधी बोलून घालवतोस."

मग मीही सिनेमात रमलो आणि बऱ्याच वेळानं घड्याळ बघितलं. अडुसष्ट मिनिटं. आरामात मागे टेकलो, तोच पडद्यावर वीज कडाडली! सिनेमावाल्यांनी क्रम बदलला होता. वादळ दहा-बारा मिनिटं आधीच!

मी ताडकन उठलो. माझा श्वास वाढला, मास्कमधून वाफ वर गेली आणि चष्म्याच्या काचा गच्च धूसर. पडदा म्हणजे नुसता निळा ढग. तसाच चाचपडत रांगेबाहेर आलो, पुढच्या रांगेत शिरलो, पिवळा रेनकोट दिसला, हात धरला. "चल, चल, शूला जाऊन येऊ, पटकन!" मुलगी मान मागे वळवून पडद्याकडे बघत होती, त्यामुळे फरपटत का होईना पण आली. अवघ्या अर्ध्या मिनिटात आम्ही दरवाज्याबाहेर! वेळेचा हिशेब चुकला तरी माणूस चुकला नव्हता!

बाहेर उजेडात चष्मा पुसला. रेनकोटच्या टोपीतून गाजराच्या रंगाचे केस बाहेर आले होते. खाली निळे डोळे, आणि नाकावर ठिपकेच ठिपके.

"यू'र नॉट माय डॅडी," ती म्हणाली.

मी एका रांगेऐवजी दोन रांगा पुढे गेलो होतो. तेवढ्यात दरवाजा धाडकन उघडला आणि तसेच गाजरी केस असलेली एक उंच बाई बाहेर आली. "व्हेअर इन द नेम ऑफ गॉड आर यू टेकिंग माय चाइल्ड?"

"सॉरी! मला वाटलं ही माझीच आहे!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मुलीकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. तिकिटं तपासणाऱ्या बाई वॉकीटॉकी घेऊन धावत आल्या. आपला चेहरा दिसला तर विश्वास बसेल म्हणून मी मास्क खाली ओढला. उलटाच परिणाम झाला! बाईनं मुलीला पाठीशी घातलं. वॉकीटॉकीवाल्या ओरडल्या, "मास्क अप, सर!"

मी घाईनं मास्क वर चढवला, आणि ती बाई एकदम थबकली. माझ्या डोळ्यांत निरखून बघायला लागली.

"होल्ड ऑन. तुम्ही मला दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितलं होतं का?"

"शक्य आहे..."

"नोव्हेंबर! माझं गॉलब्लॅडर!" ती वॉकीटॉकीवाल्या बाईंना म्हणाली, "अहो, हाच तो! युअर मॅन दॅट नॉक्ड मी आउट!"

वॉकीटॉकीवाल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या! 'नॉक्ड आउट' म्हणजे भूल दिली, हे त्यांना समजावण्यात आणखी एक मिनिट गेलं. बिचाऱ्या पेशंटनं माझा चेहरा मास्कशिवाय कधी पाहिलाच नव्हता. तिचं नाव ग्रोनिया, मुलीचं ईफा. मी गाढव मरतं, कोंबडी, बदललेला शेवट, सगळं एका दमात सांगून टाकलं. ग्रोनिया हसत हसत भिंतीला टेकली.

पण ईफाचे डोळे भरून आले होते. "मला टायगजवळ जायचंय! मी नसताना तो जाईल!"

आणि ती हात सोडवून आत पळाली. तिच्यामागे ग्रोनिया, तिच्यामागे मी.

आत गेलो आणि दारातच थांबलो.

पडद्यावर दिवा लागला होता. दीपगृहाचा तो झोत काळ्या समुद्रावरून गोल फिरत होता आणि त्याच्याबरोबर पडद्याचा उजेड हॉलभर फिरत होता. एकेका रांगेवरून जायचा, चेहरे सोन्यासारखे उजळायचे, मग अंधार, मग पुढची रांग. पन्नास माणसं, पण खुर्ची करकरत नव्हती की कागद वाजत नव्हता. टोपीवाल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. एक तरणाबांड गडी मास्कनंच डोळे पुसत होता. झोत फिरला की एकेक होडी दिसायची, आणि ती दिसली की पोरं कुजबुजत मोजायची, "थर्टी एट... थर्टी नाइन..." चाळिसावी दिसली तेव्हा अख्खा हॉल पुटपुटला, "फॉर्टी."

सव्वा वर्ष मी माणसांचे श्वास मोजत होतो, तेही यंत्रावर. एवढ्या माणसांचे श्वास एकाच वेळी थांबलेले आणि सुटलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मग झोत पायरीवर आला. टायग आडवा झालेला होता. झोत पुढे गेला.

मला स्वरांगीची आठवण झाली! धडपडत माझ्या रांगेत पोचलो. पुढे वाकून बघतो तर काय, रडत होती माझी आई! बाबा गेले तेव्हा सगळ्यांना धीर देत फिरलेली बाई पदराचा बोळा तोंडाला लावून हमसत होती. आणि स्वरांगी तिच्या पाठीवरून हात फिरवत, चक्क मराठीत, म्हणत होती, "आजी, रडू नको. त्याला दुखत नाहीये. तो दमला आहे फक्त."

"म्हातारं हुतं गं बाय," आई म्हणाली. "पर समद्यांला घरी आणलं त्येनं."

"हो. सगळ्यांना. मी मोजले."

मी हळूच मागे सरलो आणि बसलो. चष्मा पुन्हा धूसर झाला, पण या वेळी दोष मास्कचा नव्हता.

नावं पडायला लागली तरी कोणी उठेना. मग त्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. एक, मग दुसरी. मग सगळा हॉल! ऐकायला सिनेमा करणाऱ्यांपैकी तिथे कोणी नव्हतं, तरी माणसं उभी राहून पडद्याला टाळ्या वाजवत होती. आईसुद्धा उभी होती. पलीकडे ईफा खुर्चीवर चढली होती आणि ग्रोनिया माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होती.

आम्ही गाडीत बसलो. मग मी घसा साफ केला. कबुली द्यायची वेळ आली होती.

"स्वरांगी, बाबानं तुला तो शेवट... म्हणजे मी तुला जरा वेगळा सांगितला होता."

"आय नो."

"कधी कळलं?"

"लास्ट सप्टेंबर. मिसनं पूर्ण बुक वाचलं वर्गात."

मी आरशातून तिच्याकडे बघितलं. नऊ महिने! नऊ महिने ही मुलगी सगळं माहीत असून माझं चिप्सचं दुकान ऐकत होती! मेंढीच्या संपासकट!

"मग बोलली का नाहीस?"

"तू किचनमध्ये रडलास ना, डॅडी? आय सॉ यू. मला वाटलं तुला खरा शेवट झेपत नाही. सो आय लेट यू."

मागच्या सीटवर आई खुदकन हसली. सिग्नल हिरवा झालेलाही मला कळला नाही. मागून हॉर्न वाजला तेव्हा गाडी हलवली.

"बरं, मग सांग तरी," मी शेवटी विचारलं, "माझा शेवट कसा होता?"

तिनं बराच विचार केला. मग फार काळजीनं, मला लागणार नाही अशा आवाजात म्हणाली, "इट वॉज ग्रँड, डॅडी."

पुण्यात कोणी आपल्या कामाला 'ग्रँड' म्हटलं, तर माणूस कॉलर ताठ करून घरी येतो. आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणजे, असू दे, चालून जाईल!