पुढच्या खोलीतला बिबट्या

"दोन दिवस? अगं, दोन दिवसांचं काय घेऊन बसलीस! मी दोन महिने ब्रशला हात लावणार नाही. फोनचं तर नावच काढू नकोस!"

परंदवडीच्या इनायतने हे वाक्य छाती पुढे काढून, आवाज चढवून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा बेताने उच्चारलं. बायकोसमोर अशी वाक्यं हळू बोलायची असतात, हे त्याला लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं.

मेहरुनने शिलाई मशीनवरून मान वर केली. ते मशीन स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीला अगदी खेटून होतं. एका हाताने ब्लाउजची बाही आणि दुसऱ्या हाताने फोडणी, असा तिचा दोन वर्षांचा दिनक्रम. मागच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ब्लाउजला लसणाचा वास येतो म्हणून तो परत आणून दिला होता. पूर्वी मशीन पुढच्या खोलीत होतं. उजेडात, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. पण पुढच्या खोलीत आता वाघ राहायला आले होते!

त्याचं असं झालं. इनायत मूळचा पाट्या रंगवणारा. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत एकही रसवंती, एकही पंक्चरवाला नसेल, ज्याची पाटी त्याने रंगवली नाही. आणि प्रत्येक पाटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात, ठसठशीत अक्षरांत, 'इनायत आर्ट्स, परंदवडी' आणि मोबाइल नंबर. हात थांबायचाच तो नंबर लिहून! मुलगी झाली तेव्हा पाळणा रंगवला, तर पाळण्यावरही नंबर. "पोर हरवली तर उपयोगी पडेल," असं त्याने नंतर सारवून घेतलं.

मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. बिचारा वर्षभर नुसता बसून होता. अशात मुलीने, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या अम्माराने, अब्बांनी हौसेने काढलेला एक वाघ फोटो काढून ऑनलाइन विकायला ठेवला. तो वाघ चौथ्या दिवशी थेट बेंगळुरूला गेला! तेव्हापासून इनायत पेंटर संपला आणि 'वाइल्डलाइफ आर्टिस्ट' इनायत सुरू झाला. वाघ, अस्वलं, गवे, धनेश, खवल्या मांजरं. फोनची रिंगसुद्धा त्याने वाघाची डरकाळी ठेवली. पहिल्यांदा वाजली तेव्हा दूधवाला किटली टाकून पळाला होता.

"बघा हं," मेहरुन म्हणाली. "शनिवार, रविवार आपण तिघं नथूआबांच्या बेटावर तंबूत राहायचं. फोन नाही, रंग नाही, ऑर्डर नाही. जमलं, तर पुढची खोली कायमची तुमची. मी परत त्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर माझं मशीन पुढे आणि तुमचे वाघ शेगडीपाशी. कबूल?"

"कबूल!" इनायत म्हणाला.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी भुशीच्या बंगलेवाल्या बाईंची ऑर्डर आली.

बाईंच्या बंगल्यात माकडांनी उच्छाद मांडला होता. त्यांना गच्चीवर उभा करायला प्लायवूडचा बिबट्या हवा होता. खऱ्या मापाचा, पाहताक्षणी माकडांनी मुंबईच्या बाजूला पळत सुटावं असा. बिबट्या इनायतने चार दिवसांत केलाही. असा झाला होता म्हणून सांगू! पण बाईंनी अट घातली: "तो उघड्यावर, खऱ्या झाडीत कसा दिसतो त्याचा फोटो शनिवारी पाठवा. पसंत पडला तर आणखी पाच बंगल्यांची कामं देते."

पाच बंगले! म्हणजे पाच बिबटे! इनायतला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे त्याने ठरवलं, की दोन दिवस हात लावायचा नाही हे खरं, पण पाच मिनिटं म्हणजे काही दोन दिवस नव्हेत.

त्याने बिबट्या कमरेत कापून बिजागऱ्या लावल्या, मिटून जुन्या चादरीत गुंडाळला आणि मेहरुनला सांगितलं, "कमरेसाठी फळी आहे. डॉक्टरांनी कडक जागेवर झोपायला सांगितलंय." निघताना मेहरुनने हात पुढे केला, तेव्हा त्याने मुकाट्याने फोन काढून दिला. तो फोन गेल्या पावसाळ्यात बंद पडलेला होता. खरा फोन पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात, पार तळाशी!

"आज तांदळाचा डबा तुम्ही भरलात?" मेहरुनने विचारलं.

"तुला मदत नको का?"

बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मेहरुनने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नथूआबांचं बेट म्हणजे एका टेकडीचा माथा. खालची सगळी शेतं धरणात गेली, माथा तेवढा पाण्याबाहेर उरला. आबा आणि त्यांची अंबूबाई थंडीत तिथे तंबू ठोकतात आणि होडीतून पाहुणे नेतात-आणतात.

"ह्यो माझा दहा एकराचा तुकडा," होडी वल्हवताना आबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "आता मासं पिकत्यात!" आणि स्वतःच खदखदून हसले.

बेटावर पोचल्यावर मेहरुन तर लहान मुलीसारखी हरखली. चपला काढून पाण्यात उभी काय राहिली, अम्मारावर पाणी काय उडवलं, चुलीवर तिने अशी मटण बिर्याणी शिजवली, की अंबूबाई चार वेळा "मीठ बगते" म्हणून वाढून घेऊन गेल्या. बिर्याणीचा तांदूळ वेगळा आणला होता. डब्यातला इंद्रायणी रात्रीच्या खिचडीसाठी राखलेला. इनायतने ही चौकशी आधीच करून ठेवली होती.

जेवण झाल्यावर तो हळूच उठायला लागला, तर मेहरुन म्हणाली, "कुठे निघालात? फळी आणलीय ना? आडवे व्हा."

तिने स्वतःच्या हाताने तंबूत फळी ठेवली, वर गोधडी घातली आणि नवऱ्याला झोपवलं. दीड तास! बिजागरी मणक्यात रुतत होती, बिबट्याचा कान बरगडीत घुसत होता आणि मेहरुन मायेने विचारत होती, "बरं वाटतंय का हो कमरेला?"

"लय बरं," इनायत दातओठ खात म्हणाला. आता त्याची कंबर खरोखरच गेली होती.

साडेतीनला ती अंबूबाईंशी गप्पा मारायला काठावर गेली आणि इनायत उठला. डब्यातून फोन काढला, फळी बगलेत मारली आणि वाकडा-वाकडा चालत बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेला. करवंदीच्या जाळीपुढे एक छान कातळ होता. त्यावर त्याने बिबट्या उलगडला, मागून दोन काठ्यांचा टेकू दिला, आणि स्वतःच दोन पावलं मागे सरकला. काय जनावर होतं! उन्हात ठिपके नुसते चमकत होते.

त्याने अकरा फोटो काढले, बाईंना पाठवले आणि उत्तर आलं की लगेच कळावं म्हणून फोनचा आवाज पूर्ण मोठा केला.

"अहो! कुठे आहात?" मेहरुनची हाक आली.

बिबट्या मिटायला वेळ कुठला! इनायत तसाच पळाला, तंबूत शिरून फोन तांदळात खुपसला, झाकण दाबलं आणि बाहेर येऊन जांभई दिली. बिबट्या काय, अंधार पडायच्या आत काढून आणू!

दहाच मिनिटं झाली असतील. पलीकडच्या काठावर पुण्याहून आलेली एक सहल उतरली होती. तिकडून आरडाओरडा सुरू झाला. मग शिट्ट्या. मग कुणीतरी ताट बडवायला लागलं. आबा होडी घेऊन तिकडे गेले होते, ते जिवाच्या आकांताने वल्ही मारत परत आले.

"इनायतभाऊ! चला, चला, बिगीबिगी! बेटावर बिबट्या हाय! म्या सोताच्या डोळ्यांनी बगितला! एवढा थोरला!"

"बिबट्या?" इनायतने विचारलं.

"पवत आला आसंल. फॉरेस्टवाल्यांस्नी फोन ग्येलाय!"

अम्माराने आबांच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. मग अब्बांकडे पाहिलं. मग जवळ येऊन कुजबुजली, "अब्बा, तंबूतली फळी कुठे आहे?"

"गप!"

"नवीन टॅब घ्याल?"

"घेईन! गप!"

आता खरं सांगावं, तर खोली गेली. न सांगावं, तर फॉरेस्टवाले येणार. इनायतला एकच मार्ग दिसला. गुपचूप जायचं आणि बिबट्या मिटून आणायचा. त्याने चुलीतलं एक लाकूड उचललं आणि म्हणाला, "तुम्ही सगळे होडीत बसा. मी बघतो त्याच्याकडे!"

आबांनी तोंडात बोट घातलं. अंबूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. आणि मेहरुनने काय करावं? तिने धावत येऊन नवऱ्याची बाही घट्ट धरली. तिचे डोळे भरून आले होते.

"नाही जायचं! माझी शपथ आहे!"

"अगं, तो काही करत नाही."

"तुम्हाला काय माहीत? अहो, नको मला ती खोली! घ्या तुम्हीच कायमची! मी मशीन आयुष्यभर शेगडीपाशी ठेवीन. पण तुम्ही जाऊ नका!"

इनायत जागीच थिजला. बावीस वर्षांत या बाईने त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. कांदा चिरतानासुद्धा नाही! त्याला एकदम गहिवरून आलं, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली, अगदी तळाशी, एक उकळी फुटली. खोली मिळाली! आता फक्त गप्प बसायचं होतं. बायकोला रडवून आपण हसू दाबतोय, हे त्याला कळत होतं, पण हसू काही आवरत नव्हतं.

"बरं, तू म्हणतेस तर," असं म्हणून त्याने लाकूड टाकलं.

सगळे होडीत बसले. तंबू राहिले, पातेली राहिली. पण मेहरुन अर्ध्या वाटेतून परत फिरली आणि तांदळाचा डबा उचलून आली. "इंद्रायणी आहे," ती म्हणाली. "बिबट्यासाठी ठेवून जायला आणला नाही मी!" आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

"दे, मी धरतो," इनायत घाईने म्हणाला, पण तिने डबा सोडला नाही.

काठावर तोपर्यंत शंभरेक माणूस जमला होता. पुढे दुर्बीण लावून फॉरेस्टचा तरुण गार्ड ओंकार उभा. होडी काठापासून सात-आठ हातांवर आली, तेव्हा तो म्हणत होता, "अर्धा तास झाला, जागचा हलला नाही. शेपूटसुद्धा नाही. आजारी दिसतोय."

"उपाशी आसंल," अंबूबाई होडीतूनच ओरडल्या. "माजी एक कोंबडी सोडू का?"

"थांबा, थांबा," ओंकारने दुर्बीण फिरवून नीट केली. "मागच्या पायाखाली काहीतरी लिहिलंय."

इनायतने डोळे मिटले. उजवा कोपरा! हात थांबला नव्हता! आणि अक्षर तरी कसं? चालत्या ट्रकमधून वाचता यावं असं!

"इनायत... आर्ट्स... परंदवडी," ओंकारने वाचलं. "आणि मोबाइल नंबर आहे. लावून बघतो."

त्याने नंबर लावला.

मेहरुनच्या मांडीवर वाघाने डरकाळी फोडली.

पुढे काय झालं ते सांगायला प्रत्येकाची वेगळी हकीकत आहे. अंबूबाई आबांच्या गळ्यात पडल्या, आबा वल्ह्यासकट इनायतवर पडले, सगळं वजन एका बाजूला गेलं आणि होडी शांतपणे आडवी झाली. पाणी जेमतेम गुडघाभर होतं, पण पाचही जण त्यात पुरते भिजले. काठावरचे लोक किंचाळत गाड्यांकडे पळाले. आणि तांदळाचा डबा, झाकण पक्कं असल्यामुळे, पाण्यावर तरंगत एकामागून एक डरकाळ्या फोडत राहिला.

मेहरुन उठली. तिने तोंडावरचे केस बाजूला केले. डबा पकडला, झाकण काढलं, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, इनायत आर्ट्स," ती म्हणाली. समोर दहा पावलांवर ओंकार कानाला फोन लावून उभा होता. "हो. बिबट्या आमचाच आहे." मग तिने पाण्यात बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "आणि हेसुद्धा आमचेच आहेत. नाइलाज आहे."

आधी आबा हसले. मग अंबूबाई. मग अम्मारा, मग ओंकार, आणि शेवटी स्वतः मेहरुन. ओढणी पिळता पिळता ती इतकी हसली, की परत पाण्यात बसली! इनायत घाबरत घाबरत तिच्याशेजारी सरकला, तेव्हा तिने त्याच्या डोक्यावर ओंजळभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "मी रडले होते हो तुमच्यासाठी! खोली माझी."

ओंकारने रीतसर दम दिला, लोकांची माफी मागायला लावली आणि जाता जाता बिबट्यासोबत फोटो काढून घेतला. रात्री सगळ्यांनी बेटावर खिचडी खाल्ली. बिबट्या चुलीजवळ वाऱ्याला आडोसा म्हणून उभा होता. भुशीच्या बाईंनी पाचही बंगल्यांची कामं दिली. पहिल्या बिबट्याच्या पाठीवर बसून माकडं ऊन खातात, हे त्यांनी अजून शेजाऱ्यांना सांगितलेलं नाही.

सोमवारी मशीन पुढच्या खोलीत आलं आणि वाघ शेगडीपाशी गेले. इनायतने शब्द पाळला. इतकंच नाही, प्रायश्चित्त म्हणून त्याने खिडकीवर झकास पाटी रंगवून दिली: 'मेहरुन लेडीज टेलर्स'. निळ्यावर पिवळी अक्षरं, कडेने वेलबुट्टी. मेहरुन खूश झाली. गिऱ्हाइकंही दुप्पट झाली.

आता दिवसभर इनायत कुकरच्या शिट्ट्यांत अस्वलं रंगवत बसलेला असतो, आणि दर पाच मिनिटांनी वाघ डरकाळी फोडतो. तो ब्रश दातात धरून फोन उचलतो.

"भाऊ, माझ्या ब्लाउजला हुक लावून झाले का हो?" पलीकडून कुणीतरी विचारतं.

काय करणार! पाटीच्या उजव्या कोपऱ्यात हात थांबलाच नव्हता.