मोघे मान खाली घालतो तेव्हा

मोघ्याबद्दल लिही, असं आमच्या नागोयातल्या मराठी मंडळाने मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा मी डोळ्याचं ऑपरेशन पुढे केलं, दुसऱ्यांदा गुडघ्याचं. तिसऱ्यांदा ऑपरेशन करण्याजोगा अवयव शिल्लक नव्हता, म्हणून "आता फारसं आठवत नाही" म्हणालो. ते खोटं होतं. मोघ्याबद्दल लिहायचं म्हणजे एका रविवारबद्दल लिहायचं, आणि तो रविवार मी बावीस वर्षं टाळत आलो. आता पंचाहत्तरी उलटली. टाळायलाही अंगात जोर लागतो.

तर मोघे. बेसबॉल बघताना तो मान खाली घालायचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हात फिरवायला लागला की मोघ्याची पापणी लवायची नाही. पण चेंडू बॅटला लागला रे लागला, की मान खाली. अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडायचं आणि हा मांडीवरच्या वहीत दोन खुणा करून सोयाबीनची शेंग सोलायचा.

"अरे, काय झालं ते तरी बघ," मी म्हणायचो.

"चेंडू सुटला, बॅटला लागला. पुढचं काही पिचरच्या हातात नाही. मी पिचर बघायला आलोय."

घरी तर त्याने टीव्हीवर पुठ्ठा लावला होता. त्याला मधोमध एक खिडकी कापलेली. त्यातून पिचर आणि फलंदाज दिसत, बाकी मैदान पुठ्ठ्याआड. हारुको वहिनी, म्हणजे मोघ्याची बायको, त्याच टीव्हीवर संध्याकाळची मालिका बघायच्या. नायक खिडकीत आणि नायिका पुठ्ठ्यामागे असं वर्षभर चाललं होतं. इथे कागद, प्लॅस्टिक अशा कचऱ्याचे वार वेगळे असतात. शेवटी एकदा त्यांनी पुठ्ठा काढला आणि तो कुठल्या दिवशीच्या कचऱ्यात जातो, हे मोघ्यालाच विचारलं.

त्याचं शास्त्र साधं होतं. पिचर चांगला की वाईट, हे किती धावा गेल्या यावरून ठरवणं म्हणजे त्याच्या मते अडाणीपणा. मागचे फील्डर आळशी असतील, वारा असेल, मैदान खडबडीत असेल. पिचरच्या स्वतःच्या गोष्टी तीनच. त्याने किती जणांना एकट्याने बाद केलं, किती जणांना वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, पाठवलं, आणि किती चेंडू थेट कुंपणापार गेले. या तिन्हींना वेगवेगळं वजन द्यायचं, बाकी सगळं वजा करायचं, आणि उरेल तो खरा पिचर.

इथल्या संघात तेव्हा दोन पिचर होते. एक लांब मानेचा, देखणा, कमी धावा देणारा, हारुको वहिनींचा लाडका. दुसरा गोलमटोल, सतत हरणारा. मोघ्याने तीन वह्या भरून सिद्ध केलं की गोलमटोल सरस आहे. लांब मानेच्या मागे फील्डर चांगले होते, एवढंच. हे त्याने बाजारातल्या मासेवाल्याला पटवायला घेतलं. मासेवाला बिचारा बांगडा हातात धरून "नारुहोदो, नारुहोदो" म्हणत राहिला. याचा अर्थ "असं होय", आणि भाव असा की आता घरी जा.

हे शास्त्र मोघे जगातल्या कशालाही लावायचा. आमच्या हिचे, सुधाचे, मोदक एका गणपतीत फुटले.

"वहिनी, इथे तांदळाची पिठी धड मिळत नाही. ती वजा करा. नारळ डब्यातला, तोही वजा करा. उरलेल्यात तुम्ही पहिल्या नंबरावर."

"भावोजी, उरलंय काय त्यात?" सुधा म्हणाली.

"हात," मोघे म्हणाला. "हे त्याच्या हातात होतं का, एवढंच बघायचं."

हे त्याचं पालुपद. कुणाचा मुलगा परीक्षेत नापास होवो, कुणाची गाडी चुको, मोघे आधी हेच विचारणार. लोक हसायचे. मीही हसायचो, जरा जास्तच मोठ्याने. कारण हे पालुपद कुठून आलं, ते मला माहीत होतं.

आम्ही दोघे पुण्याच्या एकाच कॉलेजचे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बरोबरच नागोयाला आलो. मी सुधाला घेऊन आलो. मोघ्याने ड्रॉइंग विभागातल्या हारुकोशी लग्न केलं. सासूकडून शिकलेलं त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि शुद्ध होतं. फक्त सवयीने त्या मला "भावोजी-सान" म्हणायच्या.

आमच्या विभागाचा रविवारचा बेसबॉल संघ होता. पन्नाशी गाठली तरी मोघे त्याचा पिचर होता. वेग नव्हता, पण चेंडू असा वळवायचा की तरुण पोरं हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. मी डावीकडच्या कोपऱ्यात उभा असायचो, कारण तिकडे चेंडू क्वचित यायचा. कॉलेजात मी स्लिपमध्ये घेतलेल्या कॅचेसच्या गोष्टी मात्र सगळ्या विभागाला पाठ होत्या. त्या मीच सांगितलेल्या असल्यामुळे त्यांत सुटलेली एकही नव्हती.

त्या रविवारी शेवटचा डाव होता. दोन बाद, तिन्ही बेसवर माणसं, आम्ही दोन धावांनी पुढे. मोघ्याने एक सुंदर चेंडू टाकला. फलंदाज फसला आणि चेंडू सावकाश उंच उडून माझ्याकडे आला. इतका सावकाश, की सुधाने पदर सावरून मग तो सहज झेलला असता. मी क्रिकेटसारखे दोन्ही तळवे जुळवून खाली ओंजळ केली. डाव्या हातात ढालीएवढा ग्लव्ह आहे, हे विसरलो. चेंडू ग्लव्हच्या कडेवर आपटला आणि कुंपणाकडे पळाला. मी त्याच्यामागे पळालो. बेसवरचे तिघेही घरी, म्हणजे शेवटच्या थांब्यावर, पोचले. आम्ही हरलो.

"दोनमाई, दोनमाई," सगळे ओरडले. कुणी चूक केली की इथे असंच म्हणतात. मनाला लावून घेऊ नका, असा त्याचा अर्थ. मोघे एकटा मैदान ओलांडून माझ्यापर्यंत चालत आला.

"ऊन होतं डोळ्यांवर, गद्रे," तो म्हणाला.

आकाश सकाळपासून ढगांनी भरलेलं होतं.

आता खरी गोष्ट. संघाची स्कोअरची वही माझ्याकडे असायची. अक्षर चांगलं म्हणून सामन्यानंतर घरी नेऊन पक्की प्रत मी करायचो. सुटलेली कॅच फील्डरच्या नावावर एरर म्हणून लिहायची असते. मग त्या धावा पिचरच्या खाती जात नाहीत. मी पेन्सिल घेऊन बसलो. एरर लिहिलं तर माझ्या नावापुढे ते कायमचं राहणार होतं. पुण्याच्या स्लिपमधल्या सगळ्या कॅचेस त्याखाली चिरडल्या जाणार होत्या. मनाशी म्हटलं, मोघेच म्हणाला ना, ऊन होतं. आणि मी लिहिलं: हिट, म्हणजे फलंदाजाचा चोख फटका. तिन्ही धावा मोघ्याच्या खाती.

वर्षअखेरच्या पार्टीत कप्तानाने वही वाचून सगळ्या पिचरांची सरासरी सांगितली. मोघे शेवटचा. कप्तान वहीचा माणूस. पुढच्या वर्षी एक तरुण पिचर येईल, मोघे-सान आम्हाला मार्गदर्शन करतील, असं तो अदबीने म्हणाला. मोघ्याने टाळ्या वाजवल्या. मी हातातल्या, कोंबडीचे तुकडे ओवलेल्या काडीचं निरीक्षण करत होतो. मग वही सगळ्यांच्या हातांतून फिरत मोघ्याकडे आली. त्याने पानं उलटली, एका पानावर थांबला आणि वही मिटून माझ्याकडे दिली.

"अक्षर सुंदर आहे, गद्रे, तुझं."

ते कौतुक आहे अशी माझी समजूत मी बरीच वर्षं करून घेतली.

मोघे पुन्हा कधी चेंडू टाकायला उभा राहिला नाही. पाठ दुखते म्हणाला. त्यानंतर वह्या आल्या, पुठ्ठा आला, मान खाली घालणं आलं. लोक म्हणाले, मोघ्याला आकड्यांचं वेड लागलं. मीही तेच म्हणालो.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सकाळी कचरा टाकायच्या जागी तो एकटाच भेटला. मी धीर करून म्हणालो, "मोघ्या, एक गोष्ट आहे." तो माझ्या पिशवीत बघत म्हणाला, "हो. बाटलीचं टोपण वेगळं." मी टोपण काढलं आणि सुटका झाल्यासारखा घरी आलो. म्हणजे पापाची कबुली द्यायला गेलो आणि प्लॅस्टिकची देऊन आलो.

मागच्या उन्हाळ्यात मोघे हॉस्पिटलात होता. मला फोन करून म्हणाला, "घरून पहिली वही आण. लांब मानेचं एक गणित चुकलंय बहुतेक." हारुको वहिनींनी वही काढून दिली. सबवेत बसल्यावर मी ती उघडली.

पहिल्या पानावर लांब मान्या नव्हता. आमचा रविवार होता. पिचर: मोघे. त्याचे तीन आकडे, नीट आखलेले. कोपऱ्यात हवामान लिहिलेलं, "ढगाळ". खाली मैदानाचं चित्र, खेळाडूंच्या नऊ जागा, त्यांवर ठिपके. फक्त डाव्या कोपऱ्यात ठिपक्याऐवजी एक सूर्य काढला होता. लहान मुलं काढतात तसा, किरणांसकट.

मी ते आकडे पुन्हा पाहिले. त्यात माझ्या कॅचला जागाच नव्हती. ना हिट म्हणून, ना एरर म्हणून. या माणसाने सगळे फील्डर वजा करणारं शास्त्र धरलं होतं. मला वाटतं, त्यातला एक वजा करायचा होता म्हणून. मी दोन स्टेशनं पुढे गेलो आणि उलट गाडी पकडून परत आलो.

मोघे पलंगावर बसून मोबाइलवर सामना बघत होता. मी वही उशाशी ठेवली. "मोघ्या," मी म्हणालो, "तो रविवार."

"थांब. पिचर बघ."

पिचरने टाकलेला चेंडू बॅटला लागून उंच उडाला. मोघ्याने मान खाली घातली. मी बघत होतो. डावीकडच्या फील्डरच्या हातून तो सुटला.

"सोडला," मी म्हणालो.

"ऊन असेल डोळ्यांवर."

"मोघ्या, हे डोम आहे. वर छप्पर आहे."

"मग दिवे असतील," मोघे म्हणाला आणि मान वर न करता त्याने संत्र्याच्या अर्ध्या फोडी माझ्यापुढे केल्या. मी त्या खाल्ल्या. भेटीची वेळ संपल्याचं नर्स सांगून गेली. परवा येतो म्हणालो.

तो परवाचा दिवस आलाच नाही.

जुनी स्कोअरची वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावरचं "हिट" मी खोडलं आणि माझ्या नावापुढे एरर लिहिलं. अक्षर आता पूर्वीसारखं येत नाही. वही घेऊन हारुको वहिनींकडे गेलो. मोघ्याच्या फोटोपुढची छोटी घंटा वाजवली, हात जोडले. वहिनी मागे चहा घेऊन उभ्या होत्या. "काय म्हणता भावोजी-सान, त्यांना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, सहज." आणि चहा प्यायलो.

म्हणायचं एवढंच होतं: मोघ्या, त्या दिवशी ऊन नव्हतं. आणि कॅच माझ्या हातात होती.